धाकूची दोन मतं

धाकू नाखवाला प्रत्येक निवडणुकीत दोन मतं पडत. कमी नाहीत, जास्त नाहीत. बहात्तर साली दोन, अठ्ठ्याहत्तर साली दोन, त्र्याऐंशी साली दोन. डोंबिवलीच्या मागे खाडीला लागून असलेल्या भाटखार गावात लोक त्याला लांबून दोन बोटं दाखवायचे, आणि धाकूही हसून दोन बोटं दाखवायचा. एक मत त्याचं स्वतःचं. दुसरं त्याच्या बायकोचं, मालूचं. हे कुणी डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं, पण यात पाहायचं ते काय? बायको नवऱ्याला मत देणार, एवढं गाव धरूनच चाललं होतं.

एकोणनव्वद साली, चौथ्या खेपेला, मालू मतदानाच्या सोळा दिवस आधी गेली. चिन्हं वाटून झाली होती. धाकूला कंदील मिळाला होता. तिनं पोटमाळ्यावरचा जुना कंदील काढला, राखेनं काच घासली आणि दाराबाहेरच्या खुंटीला टांगला. दुसऱ्या दिवशी बाजारातून आली, डोकं दुखतंय म्हणाली, पाटी उतरवून भिंतीशी आडवी झाली, ती उठली नाही. पाटीत विकायची राहिलेली मूठभर कोळंबी होती. ती मांजरानं खाल्ली.

धाकू रडला नाही. दहाव्याला खाडीवर कावळा शिवला तेव्हा नाही, तेराव्याला पंगत उठली तेव्हाही नाही. बायका म्हणाल्या, आतल्या आत रडतोय. आतही काही नव्हतं. त्यानं आत पाहिलं होतं. पाय चालत, हात जेवत, कुणी काही विचारलं तर तोंड उत्तर देत असे, आणि हे सगळं शेजारच्या घरात चालल्यासारखं त्याला ऐकू येत असे. लेक नंदा माजिवड्याला दिलेली. तेरावं झाल्यावर ती जायला निघाली तेव्हा त्याच्या गळ्यात पडून रडली. धाकूनं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि एस.टी. चुकेल म्हणाला.

आता हा माणूस उभा का राहायचा, ते सांगायला हवं. नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल, एकेकाला हौस असते.

सदुसष्ट साली भाटखारची निवडणूक बिनविरोध झाली. देवळाच्या ओट्यावर वरच्या आळीतले आठ-दहा जण बसले, चहाची एक किटली संपेपर्यंत नावं ठरली. गावात शहाणपणा म्हणून कौतुकही झालं. पुढं नळ आला, तो वरच्या आळीत येऊन थांबला. खालची आळी, म्हणजे धाकूची, आणि तिच्या पलीकडची बौद्धवाडी मचूळ विहिरीवरच राहिली. धाकू विचारायला गेला. तेव्हाचा सरपंच माणूस वाईट नव्हता. त्यानं खरं तेच सांगितलं, ‘अरे, तुमच्याकडं यायचं कामच पडलं नाय रे.’

हे वाक्य धाकूच्या पायात काट्यासारखं मोडलं. बहात्तर साली ओट्यावर परत किटली आली, नावं परत ठरली, त्यात वरच्या आळीतल्या परशुराम तऱ्याचं नाव होतं. धाकू आणि परशुराम लहानपणी एका होडीवर वाढलेले. पण धाकूनं कल्याणला जाऊन त्याच्याविरुद्ध अर्ज भरला. लोक समजवायला आले, तेव्हा तो म्हणाला, ‘मना निवडून नाय यायचं. परशाला दारोदार फिरवायचंय.’

आणि परशुराम फिरला. मतदान होणार म्हटल्यावर फिरावंच लागलं. आयुष्यात पहिल्यांदा तो खालच्या आळीत दारोदार गेला, बौद्धवाडीत बसला, पाणी प्यायला आणि ते पाणी कसं लागतं ते त्याला कळलं. प्रत्येक दारात हात जोडायचे आणि ‘लक्ष असू द्या’ म्हणायचं, अशी तेव्हापासून रीत पडली. परशुराम चांगला दीडशे मतांनी निवडून आला, सरपंच झाला, आणि सहा महिन्यांत नळ खाली आला. तो धाकूच्या दाराला लागूनच बसवला. कोपरा तिथंच होता म्हणून, असं परशुराम म्हणायचा.

दुसरी रीत मालूनं पाडली. कोळीवाड्यात जाळ्यावरून, हद्दीवरून तंटा झाला आणि पंचांनी निकाल दिला, की ज्याच्या बाजूनं निकाल लागला त्यानं दुसऱ्याच्या घरी जाऊन जेवायचं, हे जुनंच. हरलेल्यानं वाढलं म्हणजे त्यानं निकाल मानला. जिंकलेला जेवला म्हणजे त्याचा ताठा उतरला. बहात्तर साली गुलाल उधळून झाल्यावर मालू म्हणाली, ‘निकाल लागला ना? मग परशुभावजींना जेवाला बोलवा.’ लोक हसले, पण परशुराम आला. त्यानंतर दर निवडणुकीला, मोजणी आटोपली की दुपारी सरपंचाचं जेवण धाकूच्या घरी. मालू बोय माशाचं आंबट कालवण करायची, तांदळाच्या भाकऱ्या थापायची, आणि दोघं खाली मान घालून जेवत बसले की निवडणूक खऱ्या अर्थानं संपायची.

गावात झेंडे काही थोडे नव्हते. परशुरामाच्या घरावर भगवा, मोहने गावच्या कंपनीत युनियन करणाऱ्या भिवाजीच्या घरावर लाल, बौद्धवाडीत निळा, आणि पाटलांच्या घरी अजून चरख्याच्या काळातल्या तसबिरी. भांडणं व्हायची ती तोंडानं. गेल्या वीस वर्षांत निवडणुकीवरून कुणाचं डोकं फुटलं नव्हतं, आणि याचं श्रेय एकमेकांना देण्यावरून मात्र वाद व्हायचे.

तेरावं बुधवारी झालं. मतदान रविवारी. गुरुवारी सकाळी परशुराम येऊन ओटीवर बसला.

‘राहू दे या खेपेला. घरी बस,’ तो म्हणाला. ‘अर्ज आता मागं घेता येत नाय, पन फिरू नको. कोन काय बोलनार नाय.’

‘तू फिरतोयस का?’

‘तू नाय फिरलास तर मी तरी कशाला फिरू.’

‘मग मना फिरायला पायजे,’ धाकू म्हणाला.

परशुराम उठला. दरवेळी तो याच दारात उभा राहून आत बघत हात जोडायचा आणि म्हणायचा, ‘वहिनी, लक्ष असू दे.’ दरवेळी धाकू हसायचा, ‘चुकीच्या दारात आलास, सरपंच.’ मालू पदर तोंडाला लावून चुलीकडे वळायची. या खेपेला परशुरामानं आत बघितलं, हात थोडे वर आले, परत खाली गेले. तो पायऱ्या उतरला.

धाकू तीन दिवस फिरला. सुरुवात नेहमीप्रमाणं घरापासून, म्हणजे शेजारच्या आवडाबाईच्या दारापासून. मग आळी उतरत खाडीपर्यंत, तिथून बौद्धवाडी, मग वरची आळी, शेवटी परशुरामाचं दार. प्रत्येक दारात हात जोडले, लक्ष असू द्या म्हणाला. बायका डोळे पुसत, त्याला पाणी देत, मालूच्या आठवणी काढत. तो ऐकून घेई आणि पुढच्या दारात जाई. मालूला दोन पाट्या उचलता यायच्या, ती नंदाच्या वेळी कशी अडली होती, असलं सगळं तो पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखा ऐकत होता. परशुरामाच्या दारात त्यानं हात जोडले तेव्हा परशुराम स्वतः बाहेर आला आणि त्यानंही हात जोडले.

रात्री अंथरुणावर पडलं की एकच गोष्ट त्याच्या डोक्यात नीट उभी राहायची. या खेपेला एक मत पडणार. दोन मतं म्हणजे निदान दोन माणसं झाली. आपलं म्हणणं आपल्याशिवाय आणखी एकाला पटतं, एवढ्यावर त्यानं सतरा वर्षं काढली होती. एक मत म्हणजे काय? एक मत कुठल्याही येड्याला पडतं. एक आकडा ऐकला की हा कारभार बंद, पुढच्या खेपेला अर्ज नाही, हे त्यानं ठरवून टाकलं. ठरवतानाही त्याला काही वाटलं नाही.

रविवारी शाळेत मतदान. धाकूचा पोलिंग एजंट सीताराम, बौद्धवाडीतला, खोपटच्या एस.टी. डेपोत मेकॅनिक. हाही गावाचा एक विनोदच होता. सीताराम पहिल्याच दिवशी तोंडावर सांगून मोकळा झालेला, ‘काका, एजंट म्हणून बसतो. रजा टाकून बसतो. पण मत परशुरामभाऊंना देणार. आमच्या वाडीची गटारं व्हायचीयत.’ धाकूला हे पटलं होतं. एजंटानं यादी बघावी, मत कुणाला ते त्याचं त्यानं बघावं.

दुपारी गर्दी ओसरली. धाकू सीतारामशेजारी बाकावर येऊन बसला होता. टेबलावरच्या कारकुनानं राहिलेले नंबर वाचायला घेतले. दोनशे तेरा धाकू, झालेलं. ‘दोनशे चौदा, मालू धाकू नाखवा. यायच्या आहेत का?’

सीतारामनं पेन्सिल उचलली आणि ठेवली. परशुरामाचा एजंट खिडकीबाहेर बघायला लागला.

‘मयत,’ धाकू म्हणाला.

त्याचाच आवाज होता. कारकुनानं मान हलवली, सीतारामनं आपल्या यादीत नावावर आडवी रेघ मारली, आणि पुढचा नंबर वाचला गेला.

सोमवारी सकाळी कल्याणला तालुका कचेरीत मोजणी. परशुराम, धाकू आणि सीताराम एकाच रिक्षानं गेले, भाडं दरवेळेप्रमाणं जिंकणाऱ्यानं द्यायचं म्हणून परशुरामानं आधीच देऊन टाकलं. त्यांच्या वॉर्डाचा, वॉर्ड तीनचा, नंबर अकराला लागला. अधिकाऱ्यानं कागद हातात घेऊन वाचलं. परशुराम तरे, दोनशे अडतीस. धाकू नाखवा, दोन. बाद, नऊ.

बाहेर फटाक्यांची माळ लागली. धाकू जागचा हलला नाही.

‘दोन कशी?’ तो म्हणाला.

कुणाचं लक्ष नव्हतं. त्यानं सीतारामचा हात धरला, तो इतका घट्ट की सीताराम दचकला. ‘यादी दाव. मालूच्या नावावर कोन मत टाकून गेला बघ.’

सीतारामनं पिशवीतून यादी काढली, भिंतीशी उभं राहून दोनशे चौदावर बोट ठेवलं. ‘नाही काका. मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसलेलो. ही बघा रेघ. बोगस एकही नाही.’

‘मग दोन कशी?’

‘कुणीतरी दिलं असेल काका.’

धाकूनं यादी परत दिली. त्याच्या आत कुठंतरी काहीतरी हललं, एवढंच. ते काय होतं ते त्याला समजलं नाही.

परत आल्यावर त्यानं चूल पेटवली. आवडाबाई म्हणाली होती, मी करते, तिनं सकाळी दोन बोय आणूनही दिली होती. पण हरलेल्याच्या घरचं जेवण म्हणजे त्याच्या घरचंच पाहिजे. पन्नाशी उलटलेल्या माणसानं आयुष्यात पहिल्यांदा कालवण केलं. चिंच टाकली, तिखट टाकलं, मालू कुठल्या डब्यातून काय काढायची ते आठवत गेला. भाकऱ्या काही जमल्या नाहीत. भात टाकला.

परशुराम गुलालानं माखलेलं डोकं नळावर धुऊन आत आला. दोघं समोरासमोर बसले. धाकूनं वाढलं. परशुराम जेवायला लागला. तो भराभर जेवणारा माणूस, आज लहान लहान घास घेत होता.

‘कुनीतरी कीव केली,’ धाकू म्हणाला. ‘मालू गेली म्हनून दिलं असंल.’

परशुरामाचा घास हातातच राहिला.

‘कीव नाय,’ तो म्हणाला. ‘ते मत माजं हाय.’

धाकू बघत राहिला.

‘या खेपेला?’

‘चारी खेपेला.’

बाहेर नळावर कुणाची तरी कळशी भरत होती. तिचा आवाज बदलत बदलत वर गेला आणि थांबला.

‘येडा हायस काय?’ धाकू म्हणाला. ‘स्वतः उभा राहून मना मत?’

‘पहिल्या खेपेला तू माज्या दारात आलास, हात जोडलास, लक्ष असू दे बोललास. बापूस ओटीवर बसला व्हता, तो हसला. मना हसायला नाय आलं. उमेदवाराच्या दारात मत मागाला कोन येतं? सगळे मना आपलं मत सांगतात, माजं कोन मागत नाय. तू मागितलंस. दिलं. मग दरवेळी मागितलंस, दरवेळी दिलं.’

धाकूनं मान हलवली. मग त्याचा हात ताटाच्या कडेला थांबला. त्याच्या बोटांना सवय होती, ती आपोआप उघडली. एक बोट. दुसरं बोट. तिसरं बोट अर्धवट वर आलं आणि तसंच राहिलं.

‘एक माजं,’ तो म्हणाला. ‘एक तुजं.’

परशुराम ताटात बघत होता.

‘मग मालूचं?’

‘धाकू, जेव.’

‘मालूचं कुठं गेलं?’

परशुरामानं घास खाली ठेवला. ‘पहिल्या खेपेला मी तीनची वाट बघत व्हतो,’ तो म्हणाला. ‘दोन बोलले तवा वाटलं मोजायला चुकले. दुसऱ्या खेपेला परत दोन. तवा कळलं. मग मी कुठं बोलनार? वहिनी हितं बसून वाढायची. मना वाढताना वर बघायची नाय.’

‘तुला दिलं तिनं.’

‘दोघंच उभे राहतो आपन.’

सतरा वर्षं. दोन बोटं दाखवून हसणारा तो, आणि त्याच्या मागं उभी राहून तीही हसायची. तिला माहीत होतं. दर मोजणीच्या दिवशी तिला माहीत असायचं. त्याला राग आला. चांगला रसरसून राग आला, इतक्या दिवसांत पहिल्यांदा काहीतरी स्वतःचं असं आलं, आणि तो चुलीकडे वळून तिला विचारायलाच निघाला होता. चुलीपुढं पाट रिकामा होता.

‘का?’ तो परशुरामाला म्हणाला. ‘मी तिचं काय वाईट केलं व्हतं? का दिलं तुला?’

‘मना काय ठाव. मी मागितलं व्हतं.’ पुढचं बोलू की नको असं परशुरामाच्या तोंडावर दिसत होतं, पण तो खोटं बोलणाऱ्यातला नव्हता. ‘तू मागितलंस कधी?’

धाकूनं उत्तर द्यायला तोंड उघडलं. सगळी दारं त्याच्या डोळ्यांपुढून गेली. आवडाबाईचं दार. खाडीकडची दारं, बौद्धवाडीतली, वरच्या आळीतली, परशुरामाचं. बहात्तर साली, अठ्ठ्याहत्तर साली, त्र्याऐंशी साली. दरवेळी तो अंघोळ करून, टोपी घालून निघायचा, मालू दारात यायची, तो तिला ओलांडून पायऱ्या उतरायचा आणि शेजारच्या दारात जाऊन हात जोडायचा. तुमच्याकडं यायचं कामच पडलं नाय रे. ज्या वाक्यासाठी त्यानं परशुरामाला गावभर फिरवलं, ते वाक्य तो तीन वेळा स्वतःच्या उंबऱ्यात बोलून गेला होता.

‘नाय,’ तो म्हणाला.

त्यानं समोरचा घास उचलून तोंडात घातला, काहीतरी करायचं म्हणून. कालवणात मीठ नव्हतं. अजिबात नव्हतं. हे त्याला आत्ता लागलं. समोर परशुरामाचं ताट जवळजवळ चाटून पुसून झालेलं होतं.

‘मीठ नाय,’ धाकू म्हणाला.

‘असू दे.’

‘अरे मीठ नाय आन तू खातोयस.’

‘जेवाला बोलावलंस. जेवलो,’ परशुराम म्हणाला. त्यानं ताट उचललं, बाहेर नळावर जाऊन स्वतः धुतलं, आणून पालथं घातलं. जाताना धाकूच्या खांद्यावर हात ठेवला. ‘पुढच्या खेपेला उभा राहशील ना?’

धाकू आपलं ताट उचलायला वाकला. परशुराम पायऱ्या उतरून गेला.

दुपार कलायला आली होती. धाकू उठला, बाहेर आला, पायऱ्या उतरला. मग मागं वळून तो स्वतःच्याच दारासमोर उभा राहिला, जिथं परशुराम उभा राहायचा तिथं. खुंटीला कंदील होता. मालूनं घासलेली काच अजून स्वच्छ होती. दारातून आत चूल दिसत होती, पाट दिसत होता. हे दार बाहेरून असं दिसतं हे त्याला माहीत नव्हतं.

त्यानं टोपी नीट केली. हात जोडले.

‘मालू,’ तो म्हणाला, ‘लक्ष असू दे.’

मग तो खालच्या पायरीवर बसला आणि अठरा दिवसांचं रडू एकदम आलं, आवाज करून, आळीभर ऐकू जाईल असं. आवडाबाई हातातलं टाकून धावत आली. त्याच्यापुढं बसून विचारत राहिली, काय झालं दादा, सरपंच काय बोलला का, काय झालं.

‘मी मागितलंच नाय गं,’ धाकू म्हणत राहिला. ‘मी मागितलंच नाय.’